आधी शिफ्टचा तक्ता बघा, मग माणसाचं टेन्शन

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांत हल्ली तणावमुक्तीची व्याख्यानं होतात. दीर्घ श्वास, दोन टाळ्या, समोसा-चहा. समोर बसलेले निम्मे ऑपरेटर नाईट करून आलेले असतात आणि पेंगत असतात. त्यांची चिडचिड, विसरभोळेपणा, घरातली भांडणं 'स्वभाव' म्हणून खपून जातात. त्या हॉलमधल्या बोर्डावर लावलेला शिफ्टचा तक्ता मात्र कुणी वाचत नाही.

पाळी दर आठवड्याला बदलायचीच असेल तर क्रम फर्स्ट, सेकंड, नाईट असाच ठेवा. शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. उलट्या क्रमात आणखी एक घोळ होतो. सेकंड करून रात्री अकराला सुटलेला माणूस सकाळी सातला फर्स्टला हजर हवा असतो. जाणं-येणं, जेवण, आंघोळ वजा केली की पाच तास झोपही हाती लागत नाही. दोन पाळ्यांत किमान 11 तासांची मोकळीक हवी. हा बदल करायला कंपनीला एक रुपया लागत नाही.

पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि डुलकी तेव्हाच लागते. डाय (साचा) बदलणं, टूल सेटिंग अशी नेमकेपणाची कामं त्या आधी उरका. पाळीतल्या सुट्टीत वीस मिनिटं डोळे मिटा. अर्ध्या तासापुढे गेलात तर उठल्यावर डोकं जड राहतं, अशा वेळी लगेच प्रेसवर उभं राहू नका. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंमल उतरायलाच साधारण पाच तास जातात, म्हणून शेवटचा कप रात्री दोनच्या आत.

अंबडजवळच्या चुंचाळ्याच्या पत्र्याच्या खोलीत सकाळचे अकरा वाजले की तापायला लागतं. म्हणून नाईट सुटल्यावर सकाळी आठपर्यंत अंथरुणावर पडा, खिडकीला जाड गडद चादर लावा, मोबाइल घरच्यांकडे द्या. सलग चार-पाच तास झाले की उरलेली दीड-दोन तासांची झोप संध्याकाळी, कामावर जाण्याआधी घ्या. नाईट सुटल्यावर सगळ्यांनी मिळून तर्रीवर ताव मारून झोपायचं, ही आपली नाशिककरांची खोड. छातीत जळजळ होऊन दोन तासांत जाग येते. मिसळ सुट्टीच्या दिवशी! क्वार्टरनेही झोप पटकन लागते, पण पुढची सगळी तुटक होते.

हे सगळं करून, झोप भरूनही, दोन आठवडे बहुतेक दिवसभर मन उदास राहिलं, कशातच रस उरला नाही, भूक गेली, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणं नको असा विचार आला तर दोन आठवडे थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेली मानसचा, 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा: कोणतं मशीन चालवता आणि पाळी कशी फिरते. काही गोळ्यांनी गुंगी येते. 'रात्री झोपताना' लिहिलेली गोळी नाईटच्या आठवड्यात कधी घ्यायची, हे तिथेच विचारून घ्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बरेचजण दहाव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून सोडतात, तिथेच घात होतो. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असलेल्याने फोर्जिंग किंवा हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्टीच्या उष्णतेत, काम करत असल्याचं सांगितलंच पाहिजे. घामावाटे पाणी-मीठ गेलं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. हात थरथरणं, उलटी, तोल जाणं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना.

पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) 0.75 टक्के कपात दिसते का बघा. ठेकेदारी कामगारांनी तर जरूर बघावी. अटीत बसत असाल तर आजारपणाच्या रजेत 70 टक्के रोजंदारी वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते, आणि ती मानसिक आजारालाही लागू आहे. स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य यांसारखे काही आजार जास्त काळ लाभ मिळणाऱ्या आजारांच्या यादीत आहेत. त्यांना 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षं सलग ईएसआयचा विमा असलेली नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते.