बझर वाजला, तरी मोटार जळाली

तासगाव भागात द्राक्षाच्या ऐन ऑक्टोबर छाटणीत विहिरीवरची पाण्याची मोटार जळली की बागायतदाराच्या जिवाला घोर लागतो. माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. त्या दिवशी तात्या मीच भरून दिलेली आपली तीन एचपीची मोटार परत टेम्पोत घालून आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुझी तार हलकी हाय. एवढ्यात जळती व्हय मोटार?"

उत्तर न देता मी मोटार खोलली. मोटारीला वीज तीन तारांनी, म्हणजे तीन फेजनं येते, आणि आत तीन कॉइल असतात. स्टारला जोडलेल्या, म्हणजे तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलेल्या मोटारीची एक फेज साफ गेली, तर दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि तिसरी जशीच्या तशी राहते. इथं दोन काळ्याकुट्ट होत्याच, पण तिसरीही तपकिरी झालेली. म्हणजे फेज गेली नव्हती, अर्धवट येत होती. मोटार भरली आणि बसवायला स्वतः गेलो.

विहिरीवर आधी स्टार्टर उघडला. मोटारीच्या नेमप्लेटवर पाच अँपिअर, आणि जास्त करंट गेला की मोटार बंद पाडणारा रिले नऊवर. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणा वायरमननं वर फिरवलेला. असं करणाऱ्याचं लायसन काढून घ्यावं, या मताचा मी आहे. त्यानंच केबलही तपासली होती, मीटरचा बझर लावून; तार तुटलेली नसेल तर तो वाजतो. बहुतेक मीटरचा बझर वीस-तीस ओमपर्यंत वाजतोच. तो वाजला म्हणजे तार सलग आहे एवढंच कळतं. ती किती करंट पेलेल, ते नाही.

मोटार चालू केली. तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर दोन फेजला सात-सात अँपिअर, तिसरीला सहा. मग लांब वायर जोडून मीटरचं एक टोक स्टार्टरमधून केबल बाहेर निघते तिथं, दुसरं मोटारीच्या त्याच फेजच्या टर्मिनलला लावलं. चाळीसेक मीटर केबल. दोन फेजमध्ये जेमतेम एक व्होल्ट पडत होता. तिसऱ्या फेजमध्ये तेरा!

म्हणजे वाटेत कुठंतरी बारा व्होल्ट खाल्ले जात होते. बारा भागिले सहा, दोन ओमचा अडथळा. बारा गुणिले सहा, बहात्तर वॅट उष्णता. ताळा म्हणून सहाचा वर्ग गुणिले दोन, बहात्तरच. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं कथिल वितळतं, इथं त्याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत.

केबल चाचपत गेलो, तर केबलवरच्या पाइपाचा एक तुकडा पिवळा पडून वाकलेला. लाईट बंद करून आतल्या जोडावरची टेप सोडली. तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडलेली, वर पांढरी भुकटी. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड धरतं, त्यात तांब्याची संगत आणि बागेतली ओल, की जोड आतून खात जातो. तांबं आणि ॲल्युमिनियम जोडायला असतात ते बायमेटल लग बसवले, बोल्ट आवळले, परत मोजलं: दीड व्होल्ट. रिले पाचवर आणला.

तात्यांनी मोटार भरायचे पैसे एका शब्दानं न विचारता दिले. लगचेही दिले. तपासणीचे मागितले तेव्हा म्हणाले, "नुसता मीटर लावल्याचं कसलं पैसं?" ते मला अजून लागून राहिलंय. ओमचा नियम १८२७ सालचा, आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण तांबं जाळून परत भरण्यात आम्हा दुकानदारांचं पोट भरतं आणि मोजण्यात नाही, मग मोजायला जाणार कोण?

परवा कवठेमहांकाळकडून एक मोटार आली. दोन कॉइल काळ्या, तिसरी तपकिरी. मालकाला म्हटलं, केबल बघायला येतो. तो म्हणाला, "या आठवड्यात लाईट रात्रीची हाय, आधी मोटार भरून द्या."