नेवार्कची ग्रीनकार्ड मुलाखत: स्थळ, अंतरपाट आणि मधलं नाव

गेल्या महिन्यात न्यू जर्सीतल्या नेवार्कला आमची ग्रीनकार्डची मुलाखत झाली. नवरा अमेरिकन नागरिक, मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, लग्न दीड वर्षापूर्वी पुण्यात. जायच्या आधी मी मिळेल ते वाचून काढलं होतं, पण आपल्या पद्धतीने ठरलेल्या लग्नाबद्दल कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय.

नागरिकाच्या जोडीदाराला नोकरीवाल्या ग्रीनकार्डच्या रांगेत थांबावं लागत नाही. त्यामुळे आय-१३० (नवऱ्याने माझ्यासाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (माझा ग्रीनकार्डचा अर्ज) आम्ही एकत्रच भरले. फी अनुक्रमे ६७५ आणि १४४० डॉलर होती. मेडिकल तपासणीचा फॉर्म आय-६९३ मुलाखतीला नेऊ म्हणून मागे ठेवू नका. २ डिसेंबर २०२४ पासून तो अर्जासोबतच लागतो.

वेळ सकाळी पावणेनऊची होती. एडिसनहून ट्रेनने नेवार्क पेन स्टेशन, तिथून ब्रॉड स्ट्रीटवरच्या फेडरल बिल्डिंगपर्यंत पायी. चालायला पंधरा-वीस मिनिटं धरा. दारात विमानतळासारखी तपासणी असते. माझ्या पाटल्या वाजल्या आणि त्या काढता काढता मागे रांग लागली. दागिने घरीच ठेवा, मंगळसूत्र पुरे. अर्धा तास आधी पोचलात तरी चालतं.

आत बोलावल्यावर बसायच्या आधीच उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यायची असते. अधिकारी बाई शांत होत्या. ओळखपत्रं पाहिली आणि पहिला प्रश्न नवऱ्याला: तुम्ही भेटलात कसे?

हाच प्रश्न माझ्या पोटात गोळा आणत होता. आमचं लग्न आत्याने सुचवलेल्या स्थळातून झालं. ‘स्थळ’ ऐकून त्यांना हे कागदोपत्री लग्न वाटेल का, याची मला भीती. ओळखीतल्या एकांनी तर ‘मित्रांमार्फत भेटलो म्हणून सांगा’ असा सल्ला दिला होता. आम्ही तो ऐकला नाही, तुम्हीही ऐकू नका. नवऱ्याने जसं घडलं तसं सांगितलं: आत्याने बायोडेटा पाठवला, दोन महिने फोनवर बोललो, मग तो मला भेटायला डॅलसला आला. त्या पहिल्या भेटीच्या विमानाचं तिकीट त्याच्या ईमेलमध्ये सापडलं होतं, ते आम्ही छापून नेलं होतं. बाईंनी ते पाहिलं आणि मला विचारलं, “तुम्ही हो कधी म्हणालात?” मी म्हटलं, तिसऱ्या भेटीनंतर, आधी आईला आणि मग त्याला. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेल्या. स्थळ कुणी आणलं याला फारसं महत्त्व नसतं. त्यानंतर तुम्ही दोघांनी काय केलं, ते तपशिलात सांगता आलं पाहिजे.

फोटो आम्ही वीसच नेले होते, प्रत्येकाच्या मागे तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहून. अंतरपाटाच्या फोटोवर त्या थांबल्या. “मध्ये हे कापड का आहे?” मंगलाष्टकं संपेपर्यंत वधूवरांनी एकमेकांना बघायचं नसतं, मग तो दूर करतात, असं सांगताना माझा आवाज जरा भरून आला. पुढचा फोटो अंतरपाट दूर झाल्यावरचा होता, तो मी त्यांच्यासमोर सरकवला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नावांनी खाल्ला. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव बाबांचं आणि आडनाव माहेरचं. अपार्टमेंटच्या लीझवर मी हौसेने नवऱ्याचं आडनाव लावलेलं. पुण्यातल्या बँकेच्या पासबुकावर तर मधलं नावही नवऱ्याचं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही, पण अर्जात ‘आतापर्यंत वापरलेली इतर नावं’ असा रकाना आहे आणि मी तो कोरा सोडला होता. चूक माझीच. बाईंनी एकेक नाव विचारून टाइप केलं आणि प्रत्येक नावाची व्यक्ती मीच कशी, हे सांगावं लागलं. तुमची सगळी रूपं आधीच लिहा, तांदळात लिहिलेलं नाव नंतर कुठल्याही कागदावर वापरलं असेल तर तेही. जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं, फक्त ‘मुलगी’ आणि आईबाबांची नावं. त्यासाठी दोघांची प्रतिज्ञापत्रं आणि दहावीची सनद अर्जासोबत दिली होती, म्हणून त्यावर एकच प्रश्न आला. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिलेलं हवं.

मग अटक, गुन्हे, संघटना वगैरे हो-नाहीचे प्रश्न भराभर झाले. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, अंदाजाने ‘नाही’ म्हणू नका.

अर्जानंतरचे नवे कागद त्यांनी आपणहून मागून घेतले: एकत्र भरलेला टॅक्स, जॉइंट खात्याची स्टेटमेंट्स, विम्यातला वारस, नवऱ्याच्या ताज्या पे-स्टब. मूळ कागद अर्जातल्या क्रमानेच लावले होते, त्यामुळे शोधाशोध झाली नाही. आईवडिलांसारखं कुणी इंग्रजीत अवघडणारं असेल तर दुभाषा आपणच न्यायचा असतो, आणि जोडीदारावर त्यासाठी विसंबू नका. ज्यांचा व्हिसा मध्येच संपलाय किंवा जुनी पोलीस केस आहे, त्यांनी वकिलाशी बोलल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

पस्तीस मिनिटांत बाहेर आलो. निकाल तिथे सांगितला नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेटस बदललं आणि दहा दिवसांनी कार्ड टपालाने आलं. लग्नाला दोन वर्षं झाली नसल्याने कार्ड दोनच वर्षांचं आहे. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही अट काढण्यासाठीचा अर्ज, आय-७५१, भरायचा असतो. ती तारीख फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे, आणि नव्या लीझवर माझं नाव पासपोर्टवर आहे तसंच घातलं आहे, बाबांच्या नावासकट.