नंबर एकवर नायक

शनिवार, रात्री

उद्याच्या स्क्वॉश सामन्याची ऑर्डर, म्हणजे खेळाडूंचा क्रम, नागपूरच्या ज्या क्लबाशी खेळायचं त्याच्या सेक्रेटरींना फोनवर कळवली. एकवर आमचा नायक (हवालदाराच्या खालचा हुद्दा), दोनवर हवालदार, तीनवर कॅप्टन डॉक्टर, चारवर मी आणि पाचवर नुकताच अकॅडमीतून आलेला लेफ्टनंट. सेक्रेटरी स्वतः हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि जरा थांबून विचारलं, "मेजरसाहेब, टीमचे कॅप्टन तुम्हीच ना? मग चारवर?" म्हटलं, माझ्यापेक्षा चांगले खेळणारे तिघं आहेत, म्हणून चारवर.

स्क्वॉशच्या टीम मॅचला खेळाडू ताकदीप्रमाणे लावायचे असतात. त्यांचा एक आपल्या एकशी, त्यांचा दोन आपल्या दोनशी. कच्चा गडी मुद्दाम वर बळी द्यायचा आणि खालचे सामने अलगद काढायचे, ही सरळ लबाडी समजली जाते. नियम साधा आहे, पण छावणीत तो पाळणं दिसतं तितकं सोपं नाही. आपल्या देशात हा खेळ आला तोच मुळी इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. कोर्टं बांधली गेली ती ऑफिसर्स मेसच्या आसपास आणि मोठ्या शहरांतल्या क्लबांत. आपली कामठीची छावणी तर १८२१ सालची. एवढ्या वर्षांच्या सवयी एका कागदाने जात नाहीत. अजूनही कुणीतरी सुचवतंच, की पहिल्या नंबरवर अधिकारी असला तर बरं दिसेल. मी ऐकून घेतो आणि ऑर्डर तीच ठेवतो.

खरं सांगायचं तर बाहेरचे सामने मी एवढे मागे लागून ठरवतो ते या नायकासाठीच. आमच्या कोर्टवर त्याचा पूर्ण खेळ मला दिसत नाही. माझ्याशी खेळताना तो ड्रॉप, म्हणजे पुढच्या भिंतीशी हलकेच टाकायचा बॉल, मारतच नाही. मी मागच्या कोपऱ्यात अडकलेलो असतो, पुढचं अख्खं कोर्ट मोकळं असतं, नुसता बॉल टेकवला तरी पॉइंट त्याचा. तरी तो लांब ड्राइव्ह मारतो, मला पोचता येईल असा. त्याला म्हटलं, अरे, मार की. "व्हय साहेब," म्हणतो आणि पुढच्या रॅलीत पुन्हा तेच. तो मुद्दाम हरत नाही, जिंकतोच. पण मला पळवायला त्याचा हात उचलत नाही. कवायतीच्या मैदानावर ज्या माणसाला सलाम करायचा, त्याला संध्याकाळी घाम फोडायचा, हे त्याच्या अंगात बसत नाही. त्याला दोष कसा देणार? शिस्त आम्हीच शिकवलेली. हवाई दलाच्या वायुसेना नगरला खेळायला जातो तिथेही थोडंफार असंच होतं. गणवेश वेगळा असला तरी समोरचा कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शहरातल्या क्लबात मात्र टी-शर्टवर फीत नसते.

रविवार, संध्याकाळ

सकाळी मिनी बसने निघालो. कामठी रोडला अजून धुकं होतं, इंदोऱ्यापर्यंत ड्रायव्हरने दिवे लावूनच गाडी चालवली. सदरवरून सिव्हिल लाइन्सला पोचलो तेव्हा क्लबच्या आवारात मोठमोठ्या झाडांखाली मंडळी स्वेटर घालून तर्री-पोहे खात होती. आमच्या मुलांनाही आग्रह झाला. सामन्याआधी तर्री नको म्हणून मी सगळ्यांना चहावर थांबवलं.

इथलं कोर्ट जुनं आहे. माप सगळीकडे एकच, ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद. समोरच्या भिंतीला खाली ४८ सेंटिमीटरचा टिन, म्हणजे पत्र्याची पट्टी; बॉल तिला लागला की पॉइंट गेला. पण मापं सारखी म्हणून कोर्टं सारखी होत नाहीत. टेनिसला परगावी गेलं तर बदलतं ते फारतर मैदान. स्क्वॉशला चारही भिंती परक्या असतात आणि बॉल त्या भिंतींवरच खेळायचा असतो. कुठे प्लास्टर दोनदा केलेलं, कुठे रंगाचा थर जाड, कुठे जमिनीच्या लाकडी पट्ट्यांपैकी एखादी ढिली. घरच्या खेळाडूच्या पायांना हे सगळं पाठ असतं. पाहुण्याला ते खेळता खेळता शिकावं लागतं, आणि शिकेपर्यंत पहिला गेम गेलेला असतो.

त्यात जानेवारीची सकाळ. दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल थंड असला की जमिनीवरून उठतच नाही. रबर गरम होऊन आतली हवा फुगली की मगच त्याला उसळी येते. चांगल्या रॅलीत तो चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तेवढी हवाच तापलेली असते. तेव्हा बॉल इतका उडतो की कितीही चांगला मारा, मागच्या भिंतीवरून परत येतो आणि रॅली संपता संपत नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बॉल त्यावरून घसरतो, तो वेगळाच त्रास. आज मुलं बॉल बुटाखाली दाबून, घासून, मुठीत धरून गरम करत होती.

खालचे सामने आधी झाले. लेफ्टनंट हरला. त्याच्या पायांत वेग भरपूर आहे, पण तो प्रत्येक बॉलमागे धावतो. समोरच्या संत्रा व्यापाऱ्याने त्याला नुसत्या लॉबवर दमवलं. मी सेक्रेटरी डॉक्टरांकडून ३-१ हरलो. साठीला आलेले गृहस्थ, टी, म्हणजे कोर्टाच्या मधोमध रेषा मिळतात ती जागा, सोडून फारसे हलत नाहीत आणि हलायची गरजही पडू देत नाहीत. कॅप्टन डॉक्टरचाही सामना गेला. हवालदाराने आपला सरळ तीन गेममध्ये काढला. म्हणजे एक नंबरचा सामना सुरू व्हायच्या आधीच टाय, म्हणजे पाच सामन्यांची ही लढत, त्यांनी जिंकलेली होती.

तरीही वरच्या गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. स्क्वॉश वरून बघताना दोन डोकी आणि एक काळा ठिपका एवढंच दिसतं, पण कोण कुणाला पळवतोय ते लख्ख कळतं. क्लबचा एक नंबर चेन्नईला राहून खेळ शिकून आलेला मुलगा आहे. मनगट सुंदर, हालचाल हलकी. त्याने पहिला गेम ११-६ घेतला, तोही जवळजवळ सगळा डाव्या भिंतीवर. आमचा नायक मागच्या डाव्या कोपऱ्यात बॉलची वाट बघायचा आणि बॉल तिथे भिंतीला लागून मरून पडायचा. दोन-तीनदा त्याची रॅकेट नुसती भिंतीला घासली.

गेम संपल्यावर तो दाराबाहेर पाणी प्यायला आला. तिथे क्लबचा मार्कर उभा होता, पांढरी दाढी, अंगात जुना निळा स्वेटर, हातात कोर्ट पुसायचं फडकं. सभासदांना खेळ शिकवायचा, त्यांना जोडीदार नसला की स्वतः खेळायचं, रॅकेटची गटिंग बदलायची, कोर्टाची निगा राखायची, ही त्याची नोकरी. त्याने नायकाला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "बाबू, तिकडं भिंत पोकळ आहे. ठोकून पाह्य. तिथं थांबून नको राहू, आधीच हवेत घे."

घरच्या क्लबचा माणूस पाहुण्याला ही गोष्ट सांगतो आहे, तीही सेक्रेटरी दोन हातांवर उभे असताना. डॉक्टरांनी ऐकलं आणि नुसती मान हलवली, बरोबर सांगितलंस म्हणून. मला हा क्लब तिथेच आवडला.

नायकाने कोर्टात शिरताना रॅकेटच्या दांड्याने ती भिंत दोनदा ठोकली. बद्द आवाज आला. दुसऱ्या गेमपासून त्याने त्या कोपऱ्यात एकही बॉल जाऊ दिला नाही. सगळे हवेत, खांद्याच्या उंचीवर घेतले, आणि घेतले की पुढे ड्रॉप. जो शॉट माझ्याशी खेळताना त्याच्या रॅकेटमधून निघत नाही, तो आज निघत होता. टिनच्या दोन बोटं वर, भिंतीला चिकटून. चेन्नईचा मुलगा पुढे धावून आला की पुढचा बॉल त्याच्या डोक्यावरून मागे. दया नाही, माया नाही. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं: हा मुलगा हे सगळं इतके दिवस माझ्यापासून जपून ठेवत होता.

पाचव्या गेमला ९-९. नायक बॉलवर जायला निघाला आणि समोरचा मुलगा वाटेत आला. धक्का नाही लागला, नायकानेच रॅकेट आवरली आणि लेट मागितला, म्हणजे रॅली पुन्हा खेळायची. रेफरी क्लबचेच एक वकील, हायकोर्टात प्रॅक्टिस करणारे. लेट दिला असता तर कुणी हूं का चूं केलं नसतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "स्ट्रोक." पॉइंट आमच्या नायकाला, त्यांच्या स्वतःच्या पहिल्या नंबरविरुद्ध, दहाव्या पॉइंटला. त्या मुलाने वर बघितलं, मान्य म्हणून हात केला आणि सर्व्हिस घ्यायला गेला. नायकाने पुढचा पॉइंट ड्रॉपवरच संपवला. टाय आम्ही ३-२ हरलो आणि परतीच्या बसमध्ये मुलं अशी गात होती की ड्रायव्हरला वाटलं आम्ही जिंकलो.

रविवार, रात्री, पुन्हा

झोप येत नाही म्हणून आणखी थोडं.

सामन्यानंतर लॉनवर संत्री आणि चहा चालू असताना नायक आमच्यात नव्हता. बघितलं तर तो कोर्टाच्या पायरीवर मार्करशेजारी बसला होता. दोघांचं काय चाललंय म्हणून गेलो. मार्कर सांगत होता, तो या क्लबात आला तो बॉल उचलायला, दहा-अकरा वर्षांचा असताना. साहेब लोक जेवायला गेले की हा रिकाम्या कोर्टात. नायक म्हणाला, "माझं बी तसंच." त्याचंही खरंच तसंच आहे. माण तालुक्यातला हा मुलगा भरती होईपर्यंत स्क्वॉश हे नाव त्याच्या कानावरून गेलं नव्हतं. पहिल्या पोस्टिंगला त्याची ड्यूटी कोर्ट झाडायची होती आणि कोर्टाची चावी त्याच्याकडे असायची. एवढ्या भांडवलावर तो आज इथवर आला.

मला हाशिम खान आठवले. पेशावरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात वडील नोकरीला. तिथली कोर्टं बिनछपराची, बॉल उडून बाहेर पडला की हे पोरगं आणून द्यायचं; आणि अधिकारी उन्हाने आत गेले की अनवाणी पायांनी स्वतः खेळायचं. पुढे तिथल्याच हवाई दलाच्या मेसमध्ये ते खेळ शिकवायला लागले. १९४४ साली आपल्या मुंबईत येऊन अखिल भारतीय स्पर्धा जिंकले आणि १९५१ साली, पस्तिशी ओलांडल्यावर, ब्रिटिश ओपन. मग ती आणखी सहा वेळा जिंकले. आमच्याकडे ब्रिगेडियर राज मनचंदा होऊन गेले, १९७७ ते १९८२ सलग राष्ट्रीय विजेते, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांचा मला अभिमान आहेच, त्यांचं नाव मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो. पण त्या पायरीवर बसलेल्या दोघांना मी हाशिम खानांबद्दल सांगितलं. नायकाने दोनदा विचारलं, "अनवाणी, साहेब?"

निघताना मार्कर मला म्हणाला, "पोट्टं भारी आहे जी तुमचं. कान देऊन खेळून राहिलं."

मी विचारलं, तुमच्या एक नंबरशी तुमचा स्वतःचा सामना झाला तर? तो हसला. उत्तर शेजारी उभ्या असलेल्या त्या चेन्नईच्या मुलानेच दिलं: "काका मला अजूनही हरवतात."

बुधवार

रविवारपासून हेच डोक्यात घोळतंय. त्यांच्या क्लबातला सगळ्यात चांगला खेळाडू त्यांच्या टीममध्ये नाही, कारण तो सभासद नाही, नोकर आहे. स्क्वॉशमध्ये हौशी आणि व्यावसायिक ही भिंत जगाने १९८० सालीच पाडली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या बैठकीत ऑलिंपिक समितीने हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी घेतला, तेव्हा आमच्या मेसमध्ये पेढे वाटले होते. खेळ तिथवर पोचला, आणि इथे मार्कर दाराबाहेर फडकं घेऊन उभा.

आज सेक्रेटरींना फोन केला. परतीचा सामना आमच्याकडे आहे, कोर्ट आमचं, पाहुणचार आमचा. म्हटलं, डॉक्टरसाहेब, माझी एकच विनंती आहे. तुमची ऑर्डर ताकदीप्रमाणे लावा.

ते लगेच समजले. क्लबच्या नियमात सभासदच खेळू शकतात, म्हणाले, आणि नियम मी एकटा बदलू शकत नाही. मी म्हटलं, हे लीगचं नाही, मैत्रीचा सामना आहे, निमंत्रण मी नाव घालून पाठवतो. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "कमिटीत दोघं-तिघं बोलतील मला. बोलू द्या. पण साहेब, त्याच्याकडे धड बूट नाहीत, ते मी बघतो." बूट आम्हीही देऊ शकलो असतो, पण हे त्यांनीच करावं असं मला वाटलं, म्हणून बोललो नाही.

निमंत्रणपत्र संध्याकाळी टाइप करून घेतलं. पाच नावं, पाचांपुढे सारखंच 'श्री.', आणि सगळ्यांचं जेवण मेसमध्ये.

नायकाला बोलावून सांगितलं, तुझा सामना कुणाशी आहे. ऐकून तो सावधान उभा होता तसाच राहिला, मग विचारलं, "साहेब, उद्यापासनं पहाटे पाचला कोर्ट उघडू का? आन् स्टोरमधनं नवे बॉल लागतील. जुन्यांवर काकांसंगं भागायचं न्हाई."

बॉलच्या मागणीवर सही केली. पहाटे पाचला मीही येतो म्हणालो, पण एका अटीवर: माझ्याशी खेळताना ड्रॉप मारायचा. "बघतो साहेब," म्हणाला. 'व्हय साहेब' नाही म्हणाला.