आमची वाटचाल : कॅसेट भरण्यापासून हिश्श्यापर्यंत

१९८६ साली कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचे दुकान सुरू झाले, तेव्हा पाटीवर ‘कॅसेट भरून मिळतील’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि त्यात गैर काही आहे असे ना आम्हांला वाटले, ना गिऱ्हाइकाला. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी आणत असे. एका डेकमध्ये मूळ आणि दुसऱ्यात कोरी कॅसेट लावून, बाजू संपताना गाणे मध्येच तुटणार नाही अशा बेताने आम्ही ती भरून देत असू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा गुन्हाच होता. मात्र दोन आवडत्या गाण्यांसाठी आठ गाण्यांचे पैसे का मोजायचे, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही.

पुढे आम्ही स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागलो. जोतिबाची गाणी, धनगरी ओव्या, शाहिरी असा माल होता. कलावंताला एकरकमी बिदागी द्यायची आणि सर्व हक्क आमच्याकडे आल्याच्या कागदावर सही घ्यायची, हा तेव्हाचा रिवाज होता.

२००९ च्या चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला आमच्या स्टॉलपासून हाकेच्या अंतरावर एक मुलगा मोबाइलची मेमरी कार्डे भरून देत बसला होता. गुलालापासून वाचवण्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या त्याच्या स्पीकरवर आमचेच गाणे वाजत होते. मी तावातावाने निघालो, तेव्हा ते गाणे ज्यांनी गायले होते ते बुवा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “मालक, तुमच्या सीडीवरनं वाजलं काय नि ह्याच्या कार्डावरनं वाजलं काय, माझं पैसं तर कवाच मिळून संपलं.” मी तिथेच थांबलो. चोरी झाली होती हे खरे, पण नुकसान एकट्या माझे होते, कारण बुवांचा वाटा मी आधीच शून्यावर आणून ठेवला होता.

कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही, आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरावर गायकालाही रॉयल्टी मागता येते. कायद्याने भाग पाडले म्हणून का होईना, आम्ही जुने कागद बाजूला ठेवून विक्रीतील हिश्श्याचे नवे करार केले, आणि पूर्ण संच घेण्याची सक्ती सोडून हवी तेवढीच गाणी पेनड्राइव्हवर वाजवी दरात देऊ लागलो. नफा पातळ झाला. हिशोबनिसाची कुरकुर अजून चालू आहे.

त्या कार्डवाल्या मुलालाच आम्ही यात्रेपुरती विक्री दिली. पहिल्या वर्षी त्याच्या हिशोबात अकरा पेनड्राइव्ह कमी भरले. बुवांनी मात्र त्या अकरांचा हिस्साही माझ्याकडून मोजून घेतला, आणि तो त्यांचाच होता.