आमची वाटचाल: लाल पट्टी मायनसकडे

बुधवार पेठेत वडिलांचं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं दुकान होतं. गिऱ्हाईक ठरलेलं, गणपतीतले अॅम्प्लिफायरवाले आणि बेंजो पथकं. १५-०-१५ चा, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १५-१५ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर वडील डोळे मिटून गुंडाळायचे. तोच पुढे सिंथेसायझरवाल्या, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य जुळवणाऱ्या पोरांना लागेल, हे आमच्या गावीही नव्हतं.

पहिला आला तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. घरी केलेली मॉड्यूल्स, म्हणजे सिंथेसायझरचे सुटे भाग, बुटाच्या खोक्यात. १९९०च्या दशकात जर्मनीच्या डोप्फरने रुजवलेली ही सुटे भाग जोडून सिंथेसायझर बनवायची युरोरॅक पद्धत. प्रत्येक मॉड्यूलला प्लस १२, मायनस १२ आणि ग्राउंड लागतं. त्यानं १२ व्होल्टचे दोन अडॅप्टर सिरीजमध्ये जोडून मधला सांधा ग्राउंड धरला होता. युक्ती वाईट नाही. पण तीन पिनांच्या अडॅप्टरचा मायनस बऱ्याचदा आतून अर्थिंगला असतो. दोघांचे मायनस तिथे एक झाले की एक अडॅप्टर सरळ शॉर्ट. “काका, लावला की लगेच बंद पडतो,” म्हणाला.

त्याला ७८१२ आणि ७९१२ वर, म्हणजे प्लस आणि मायनस १२ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या आयसींवर सप्लाय करून द्यायला बसलो आणि मीच माती खाल्ली. दोन्ही एकाच हीटसिंकवर कसले. ७८१२ चा पाठीचा पत्रा ग्राउंडला असतो, ७९१२ चा इनपुटला! मध्ये अभ्रक घालायला विसरलो. फ्यूज होता म्हणून निभावलं. वडील एवढंच म्हणाले, “सिरीज बल्ब कशाला ठेवलाय?” सप्लायच्या वाटेत बल्ब जोडला की शॉर्ट झालं तरी करंट आवरला जातो. तेव्हापासून नवा सप्लाय पहिल्यांदा ६० वॉटच्या बल्बमागूनच चालू होतो. बल्ब लखलखत राहिला तर आत काहीतरी चिकटलंय.

असे सप्लाय विकू लागल्यावर खरी डोकेदुखी झाली ती सप्लायपासून मॉड्यूलला जाणाऱ्या चपट्या रिबन केबलची. दहा पिनांत दोन मायनस, मधल्या सहा ग्राउंड, दोन प्लस. उलटी खोचली की प्लसचा मायनस होतो आणि आतले आयसी जातात. केबलच्या कडेची लाल पट्टी मायनसकडे, हे फोनवर सांगून घसा बसला. शेवटी बोर्डावर खाचेचे कनेक्टर घातले आणि प्रत्येक किटमध्ये उलटा करंट अडवणारे दोन शॉट्की डायोड. थोडा व्होल्टेज त्यात जातो, जाऊ दे.

आज आम्ही चौघं आहोत. प्रत्येक सप्लायच्या दोन्ही बाजूंना २७ ओहमचे १० वॉटी रेझिस्टर लावून तासभर तापवतो, लोखंडी पेटीला अर्थिंग आहे ना ते पाहतो, मगच पुठ्ठ्यात भरतो.

तो विद्यार्थी आता नोकरीला लागलाय, तरी येतो. खोकं तेच. केबलींच्या टोकांना लाल ठिपके काढलेत, बहिणीच्या नेलपॉलिशचे.