पान-ओलावा लॉगर, भाग ७: सकाळी दहाला बिघडणारं घड्याळ

तासगावच्या द्राक्षबागेत पानांचा ओलावा वेळेसह नोंदवणाऱ्या लॉगरचं भूत सापडलं. मागच्या भागात संशय कंपायलरवर (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) घेतला होता, तो बिनशर्त मागे.

लक्षण आठवत असेलच: ‘-ओएस’ने (कोड आटोपशीर करणारा कंपायलरचा पर्याय) बांधलेलं फर्मवेअर, म्हणजे लॉगरमधला प्रोग्रॅम, ९:५९ पर्यंत चोख, १०:०० ला मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांच्या रकान्यात -२९५३६. तोच कोड ‘-ओ०’ने (काटछाट न करता) बांधला की ३६०००, म्हणजे बरोबर. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी पानं किती वेळ ओली राहिली यावर ठरते, आणि दव सुकण्याच्या सुमारासच नोंदी फाटत होत्या.

दोषी ओळ अशी: आठ बिटांचा ‘तास’ गुणिले ३६००, गुणाकार ‘इंट’ या पूर्णांक प्रकारात. लॉगरच्या अॅटमेगा३२८पी चिपवर इंट १६ बिटांचा, कमाल ३२७६७. नऊ वाजता ३२४०० बसतात, दहाला ३६००० बसत नाहीत. हे माहीत होतं म्हणूनच पुढे ठिगळ होतं: उत्तर ऋण आलं तर ६५५३६ मिळवा. पण चिन्हांकित (ऋणही होऊ शकणारा) पूर्णांक ओसंडणं सी भाषेत अनिर्धारित वर्तन, म्हणजे पुढे काय होईल याची हमी नाही. ‘तास’ कधी ऋण नसतो, म्हणून गुणाकारही ऋण नसणार, असं धरून ऑप्टिमायझरने (कंपायलरच्या काटछाट करणाऱ्या भागाने) ती तपासणीच उडवली. एव्हीआर (या चिपच्या घराण्या)साठीच्या एव्हीआर-ऑब्जडंपने बांधलेला कोड उकलून पाहिला तर चिन्ह पाहून उडी मारणारी सूचना गायब.

निकाल लागला तो तीन गोष्टींनी. आर्डुइनोसोबत येणारा कंपायलर, जीसीसी ७.३, आणि त्यानंतरची आवृत्ती, दोघांचं उत्तर एकच. ‘-एफरॅपव्ही’ (ओसंडलेला आकडा गुंडाळून घे, असं कंपायलरला सांगणारा पर्याय) लावताच ३६००० परत. हा पर्याय लावून लक्षण बदललं की चूक बहुधा आपलीच. ‘-एफनो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’चंही तसंच, जीसीसीवाले तक्रार नोंदवण्याआधी दोन्ही लावून बघायला सांगतात. तिसरी गोष्ट सर्वांत बोचरी: ‘-ओ०’सुद्धा बरोबर नव्हतंच! संध्याकाळी सातला ६८४०० चे २८६४ उरतात, ते धनच, त्यामुळे ठिगळ लागतच नाही. सातची नोंद रात्री १२:४७:४४ ला जाऊन बसलेली. टेबलावरच्या चाचण्या दिवसा झाल्या, म्हणून कुणाच्या नजरेस आलं नाही.

प्रोग्रॅम चालताना अशा चुका पकडणारा सॅनिटायझर का गप्प राहिला, तेही कळलं. पीसीवर इंट ३२ बिटांचा, तिथे काही ओसंडतच नाही. कंपायलरचे इशारे चालू करणारा ‘-वॉल’ही गप्प, कारण ‘तास’ स्थिरांक नाही. पीसीवर हिरवा दिवा म्हणजे एव्हीआरवर हिरवा दिवा नव्हे.

दुरुस्ती एका अक्षराची: ३६०० च्या जागी ३६००एल, म्हणजे ३२ बिटांचा ‘लाँग’. पण हे लिहितानाच प्रश्न पडला, सेकंद हवेत कशाला? ओलावा दर पाच मिनिटांनी मोजतोय. मध्यरात्रीपासूनची मिनिटं ठेवली तर कमाल १४३९, १६ बिटांत ऐसपैस. त्यामुळे नोंदीचा साचाच बदलतोय; जुन्या फायली वाचणारी स्क्रिप्ट त्यानुसार नंतर. आणि पीसीवर चिपची नक्कल करणाऱ्या सिमएव्हीआरमध्ये ० ते २३ सगळे तास फिरवून बघायचे, बागेत जाण्याआधी.

कंपायलर कधीच चुकत नाही असं नाही. यूटा विद्यापीठाच्या सीस्मिथने (यादृच्छिक सी प्रोग्रॅम बनवून कंपायलर तपासणारं साधन) २०११ पर्यंतच्या तीन वर्षांत कंपायलरांतल्या ३२५ हून अधिक चुका काढल्या होत्या. ‘इंटर्नल कंपायलर एरर’ (कंपायलरच कोसळल्याचा संदेश) आला तर दोष त्याचाच. पण दर वेळी वेगळ्या फाईलवर आला तर आधी रॅम तपासा. चुकीचा कोड बनतोय असा दावा असेल तर आपोआप कोड कापत नेणाऱ्या सीव्हाइजने प्रोग्रॅम वीसेक ओळींवर आणा. कापताना अनिर्धारित वर्तन आत शिरत नाही ना, हे प्रत्येक टप्प्यावर बघा, नाहीतर भलताच बग हाती येतो.

जाता जाता: डीएस३२३१ या घड्याळ-चिपच्या स्वस्त निळ्या मॉड्यूलमध्ये सीआर२०३२ हा बटण सेल घालणार असाल तर चार्जिंगच्या वाटेवरचा २०० ओमचा रेझिस्टर आधी काढा. तो सेल चार्ज होण्यासाठी बनलेला नाही, फुगतो.

पर्जन्यमापकाच्या मोजणीत मध्येच दिसणारा ५११ अजून बाकी आहे. २५५ वरून २५६ होताना खालचा बाइट वाचून झाल्यावर मोजणी वाढवणारा इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्ये घुसणारा कोड) शिरतो, वरचा बाइट नवा मिळतो. ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतूनच वाच, ही सूचना) आहेच, त्याने भागत नाही; वाचताना इंटरप्ट थोपवणारा अॅटॉमिक ब्लॉक घालून बघतोय.