पावसाने बदललेला क्रम

वेंगुर्ल्यातल्या त्या सभागृहाला पन्हळी पत्रे आहेत. जूनमध्ये पत्र्याखाली चित्रपट दाखवायचा तर आवाजाचे सगळे गणित पावसाच्या हाती असते. त्या रविवारी दिवसभराचा कार्यक्रम होता. सकाळी प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६), मग इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८), जेवणानंतर बस्टर कीटनचा मूकपट 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) आणि शेवटी 'श्वास' (२००४). मूकपट दुपारी ठेवला होता, कारण माशाच्या जेवणानंतर डोळे मिटायला लागतात आणि कीटनची पाऊण तासाची धावपळ ते मिटू देत नाही. प्रोजेक्टर, ध्वनी आणि उपशीर्षके माझ्याकडे होती.

पडदा ४ मीटर रुंद आणि २.२५ मीटर उंच, म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण आजच्या टीव्हीचे. जुने चित्रपट या प्रमाणाचे नसतात. तीसच्या दशकापासूनच्या बोलपटांची चौकट १.३७ ला १, मूकपटांची १.३३ ला १. पूर्ण उंची वापरली की 'तुकाराम' ३.०८ मीटर रुंद बसतो आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ अर्धा मीटर उरतो. "पडदा भरून दाखवा की," अशी फर्माईश हमखास येते. चित्र ताणले तर तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस फुगलेले दिसतात. मोठे करून कापले तर उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो, म्हणजे वर पागोटे आणि खाली टाळ-चिपळ्या. म्हणून उरलेल्या पट्ट्यांवर दोरीला अडकवलेले काळे सुती कापड ओढायचे. एलसीडी प्रोजेक्टरचा काळा हा खरे तर राखाडी असतो. कापडाने ती राखाडी पट्टी झाकली की मधल्या चित्रातले काळे खरोखर काळे वाटू लागते. या कापडाइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय मला दुसरा माहीत नाही.

साडेनऊच्या सुमारास पाऊस कोसळायला लागला. मोबाईलवरच्या ध्वनिमापकाचा काटा सत्तर डेसिबलच्या वर. अशा वेळी ध्वनी वाढवणे हा पहिला मोह आणि तोच चुकीचा. १९३६ च्या ध्वनिपट्टीत वरच्या पट्टीतले फारसे काही नसते. जे आहे ते मधल्या पट्टीत, खरखरीसकट. आवाज वाढवला की शब्दांबरोबर खरखरही वाढते, लाकडी भिंतींवरून घुमते, आणि दहा मिनिटांत लोकांचे कान दमतात. सभागृहाची देखभाल करणारे काका दारातून आभाळ बघून आले आणि म्हणाले, "पावस काय थांबणा नाय. तो मुको पिक्चर आधी लावा."

लावला. 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये कीटन स्वतःच प्रोजेक्टर चालवणारा आहे. तो यंत्राशेजारी झोपतो आणि स्वप्नात पडद्यात शिरतो. तिथे त्याच्याभोवतीचे दृश्य बदलत राहते. बाग, रस्ता, कड्याचे टोक, सिंह, आणि मग समुद्रातला खडक. त्या खडकावरून तो पाण्यात सूर मारतो आणि बर्फात डोके खुपसून पडतो. कट बदलूनही तो जागचा हललेला दिसत नाही, कारण कॅमेरा आणि त्याच्यातले अंतर मोजून ठेवले होते. पुढे पाण्याच्या टाकीच्या नळाखाली तो आपटतो, तिथे त्याच्या मानेचा मणका खरोखरच मोडला होता. त्याला ते कळले कित्येक वर्षांनी. फाइलवरचे संगीत मी जवळजवळ बंद केले होते. पत्र्याच्या आवाजात ते धड ऐकूही येत नव्हते.

पाऊस तसाच. मग काय लावायचे? इथे उलटेच गणित लागू पडले. भर पावसात मराठी चित्रपट बुडतो, पण इटालियन तरतो. 'बायसिकल थीव्ज'चे संवाद तसेही खालच्या ओळींतून वाचायचे. पण उपशीर्षकांची स्वतःची दुखणी असतात. ओळी संवादांच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढ्याच मागे-पुढे असतील तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी त्या जागेवर येतात. पण उपशीर्षकांची फाइल सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेम) प्रतीवरून केलेली आणि चित्रपट २३.९७६ चा असेल तर फरक वाढतच जातो, तासाभरात अडीच मिनिटे. तिथे कळा दाबून उपयोग नाही. सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये चौकटींचा दर बदलून फाइल नव्याने जतन करायची. जतन करताना यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धती निवडायची, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. हे सगळे आदल्या रात्री करायचे काम, प्रेक्षक बसल्यावरचे नव्हे.

अर्ध्यावर वीज गेली. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप एक केव्हीएच्या यूपीएसवर होते, अँप्लिफायर नव्हता. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक तुटली तर पंखा थांबतो, तापलेला दिवा तसाच राहतो आणि त्याचे आयुष्य घटते. म्हणून यूपीएसचा पहिला हक्क त्याचा. जनरेटर सुरू होऊन त्याचा दाब स्थिर होईपर्यंतची काही मिनिटे चित्रपट आवाजाविना चालला. कोणीही हलले नाही. बाप मुलाला थप्पड मारतो आणि नंतर त्याला खानावळीत नेतो, नेमका तो भाग. मघाशी कीटन पाहिलेला असल्यामुळे चेहऱ्यांवरून गोष्ट वाचायची सवय डोळ्यांना लागली होती, असे माझे मत आहे.

दुपारी उघडीप झाली आणि 'तुकाराम' लागला. एरवी तरुण मुले या चित्रपटाला 'जुना अभिनय' म्हणून मोकळी होतात. त्या दिवशी तसे झाले नाही. तुकोबांची बायको आवली, म्हणजे अभिनेत्री गौरी, शेण थापत, भांडत, पोरांवर खेकसत वावरते. तिच्या हातांकडे लोक बघत होते. 'आधी बीज एकले' तुकोबांचा अभंग नसून शांताराम आठवल्यांनी लिहिलेले गीत आहे, हे सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजोबांना ते काही केल्या पटेना. ध्वनिपट्टी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, म्हणून दोन्ही स्पीकरवर सारखीच दिली. दोन बाजूंना वेगळे काही वाजवण्याचा आव आणणारे कृत्रिम पर्याय बंद.

'श्वास' संपल्यावर दिवे लगेच लावायचे नाहीत, हे ठरलेले. नामावली पूर्ण जाऊ द्यायची, मग आधी कडेचे दोन, नंतर बाकीचे. चर्चेत एका शिक्षिकेने सकाळचाच धागा उचलला. 'बायसिकल थीव्ज'मधला रोमचा बाप मुलाला, ब्रुनोला, खानावळीत नेतो आणि 'श्वास'मध्ये दृष्टी जाणार असलेल्या शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला, परशुरामला, दवाखान्यातून काढून शहर दाखवतात. मुलाला सुख द्यायची ही घाई एकच की वेगळी? ठरलेल्या क्रमात या दोन चित्रपटांच्या मध्ये कीटन आला असता आणि हा प्रश्न निघाला असता की नाही, शंकाच आहे. अर्धे सभागृह 'एकच' म्हणत होते. बापाला अपराध धुऊन काढायचा आहे, आजोबांना तसे काही नाही, असे उरलेल्यांचे म्हणणे. दोन्ही प्रसंग पुन्हा लावून दाखवले. अशा प्रसंगांच्या वेळा कागदावर आधीच टिपून ठेवाव्यात. फाइल पुढे-मागे करत शोधत बसलात तर लोक छत्र्या शोधायला लागतात.